इंदुताई परत येईल याचा पुरावा

आमच्या जांभुळझरीत इंदुताईला शोधावं लागत नाही. ती हसते आणि कळतं. तलावाच्या पाळीवर हसली तर चौकातल्या पानठेल्यावरचा माणूस मान वर करतो. वय पंचावन्न-छप्पन, अंगाने काटकुळी, आणि चालणं असं की सोबतच्या बाईला अर्धं पळावं लागतं. जातीने ढिवर, म्हणजे पिढ्यान्पिढ्या मासोळीवर जगणारी. गावचा तलाव मालगुजारांच्या काळातला. तो आम्हा बायांच्या मच्छीमार गटाने ठेक्याने घेतला आहे. इंदुताई गटाची अध्यक्ष आणि मी, ललिता, सचिव. म्हणजे बोलायचं तिने आणि लिहायचं मी.

तिचा नवरा नथ्थूभाऊ. थोडं धानाचं शेत, दोन बैल, आणि बोलणं बैलांशी जास्त, माणसांशी कमी. पोटी लेकरू झालं नाही. पण घर रिकामं राहिलं नाही, कारण इंदुताईचा भाऊ मुखरू बल्लारपूरला कोळसा खाणीत कामाला होता आणि त्याची बायको काविळीने गेली. पोरगी दिव्यानी तेव्हा तीन वर्षांची. मुखरूने तिला मांडीवर घेतलं, रेल्वेने वडशापर्यंत आणलं, तिथून बसने आरमोरी, आणि बहिणीच्या दारात उभा राहिला. म्हणाला, "थोडे दिवस ठेव." इंदुताईने पोरगी कडेवर घेतली ती पुढे नर्सिंगला नागपूरला पाठवेपर्यंत खाली ठेवली नाही, असं आमच्या गावात म्हणतात. मुखरू सुट्टीला यायचा, पोरीसाठी रिबिनी आणायचा. दिव्यानी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा तोही गेला.

ती पोरगी शिकली, नागपूरला नोकरी केली, मग परीक्षा देऊन आयर्लंडला गेली. तिथल्या समुद्रकाठच्या एका लहान गावातल्या दवाखान्यात नर्स झाली. रोज फोन यायचा. इंदुताई जाळं धुताना मोबाईल भिंतीला टेकवून ठेवायची आणि तिकडून दिव्यानी भाकरी करायची, दोघी आपापलं काम करत बोलायच्या.

गेल्या पौषात अशाच एका फोनवर दिव्यानी म्हणाली, "आत्या, मी लग्न करून राह्यली."

मी तिथेच जाळ्याची गाठ मारत बसले होते. इंदुताईने हातातलं जाळं सोडलं.

"कोनाशी वं?"

"शॉन नाव हाय त्याचं."

"शायना?"

"शॉन, आत्या."

"तेच तं म्हणून राह्यली मी. हाय का नाई शायना?"

तिकडे दिव्यानी हसली. "हाय. लय हाय."

"मंग झालं," इंदुताई म्हणाली. आणि त्या दिवसापासून आमच्या गावात त्या जावयाचं नाव शायना, म्हणजे शहाणा, पडलं ते आजही तसंच आहे.

लग्न इकडे करावं असं सगळ्यांनाच वाटलं. पण शॉनच्या आईला अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला, ती चाकाच्या खुर्चीवर, तिला विमानाने आणणं शक्य नव्हतं. म्हणून लग्न तिकडेच, जूनमध्ये. दिव्यानी म्हणाली, "माझ्याकडून तूच पाह्यजे, आत्या. दुसरं कोन हाय मले? मामालेई घेऊन ये."

नथ्थूभाऊ ओट्यावर बसून बिडी ओढत होते. ते म्हणाले, "दोघं गेलो तं बैलाईले कोन पाहील?" मग बिडी विझवून, "तू जा. पोरगी तुही हाय."

असं ठरलं. आम्हाला वाटलं, तिकीट काढायचं आणि जायचं.

मग दिव्यानीने मोबाईलवर कागदांची यादी पाठवली. मी आरमोरीला माझ्या वर्गमित्राच्या, प्रणितच्या ऑनलाईन सेवेच्या दुकानात जाऊन ती छापून आणली. प्रणित सातबारा, जातीचे दाखले, पीकविमा, सगळं करतो, पण परदेशाचा व्हिसा त्याने कधी केला नव्हता. त्याने यादी वाचली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "ललिता, आपल्या तालुक्यातून हे पहिलं काम असंल. करूच." त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की जणू त्यालाच लग्नाला जायचं होतं.

पहिला कागद पासपोर्ट. इंदुताई शाळेत गेलेली नाही, जन्माची नोंद नाही. आधारकार्डावर जन्मतारीख एक जानेवारी.

"माही एक जानेवारी, नथ्थूची एक जानेवारी, खुशालबुढ्याची एक जानेवारी," ती प्रणितला म्हणाली. "आमच्या गावात त्या दिवशी लय बाया बाळंत झाल्या होत्या, बापू."

तरी ती तारीख सगळीकडे सारखी होती, म्हणून अडलं नाही. चंद्रपूरला पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात जाऊन फोटो काढला. फोटोत हसायचं नसतं हे तिला तीनदा सांगावं लागलं. शेवटी तिने गाल आतून दातांनी धरून ठेवले. तो फोटो पाहून नथ्थूभाऊ म्हणाले, "ही कोन बाई? इतकी गंभीर?"

त्यानंतर पोलीस पडताळणी. आमच्याकडे पोलीस दारात आला की लोक आधी आपल्या माणसाला आत घेतात, मग काय आहे ते विचारतात. अंकुश नावाचा तरुण शिपाई मोटरसायकलवर आला आणि त्याने चौकात खुशालबुढ्याला विचारलं, "इंदुताई कुठी राह्यते?"

खुशालबुढ्याने क्षणाचाही विचार केला नाही. "ते गाव सोडून गेली साहेब. सालभर झालं."

"कुठी?"

"हैद्राबादले. नाई, राजुऱ्याले. का चांद्याले. आता म्हाताऱ्या माणसाले काय माहीत."

अंकुशने कागद काढला. पत्त्यावर राहत नाही, असं लिहिणार एवढ्यात तलावाच्या बाजूने इंदुताईचं हसणं आलं. खुशालबुढ्याने डोळे मिटून घेतले. अंकुश म्हणाला, "राजुऱ्याचा आवाज इथपर्यंत येते वाटते, बुढेबाबा."

नंतर कळलं की पडताळणी लग्नाला जायच्या पासपोर्टची आहे, तेव्हा तोच खुशालबुढा अंकुशच्या मागे मागे फिरून सांगत होता की इंदुताईसारखी बाई जिल्ह्यात नाही. अंकुशने चहा घेतला, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या, आणि जाताना म्हणाला, "आत्याबाई, तिथी गेल्यावर आमच्या गडचिरोलीचं नाव सांगजा." पासपोर्ट पोस्टाने आला तेव्हा आख्ख्या गटाने तो हातात घेऊन पाहिला. गटातल्या सोमारीने त्याला कुंकू लावायची तयारी केली होती, मी वेळेवर अडवलं.

मग आमंत्रणाचं पत्र आलं. दिव्यानीने लिहिलेलं आणि शॉनची सही असलेलं. सोबत तिचा तिथला राहण्याचा परवाना, नोकरीचा दाखला, पगाराच्या चिठ्ठ्या, घराचा भाडेकरार. प्रणितने दुकानाचं शटर अर्धं ओढून गिऱ्हाईकं थांबवली आणि पत्र आम्हाला मराठीत वाचून दाखवलं. माझी आत्या माझ्या लग्नासाठी येत आहे, ती आमच्या घरी राहील, तिचा येण्या-जाण्याचा आणि राहण्याचा सगळा भार आमच्यावर, लग्न अमुक तारखेला, तिचं परत जाणं तमुक तारखेला.

इंदुताई लक्ष देऊन ऐकत होती. म्हणाली, "एवढं कायले लिहाव लागते? मी काय तिच्या घरी जेवाले पैसे देनार होती?"

"त्यांना लिहूनच पाह्यजे, ताई," प्रणित म्हणाला.

"आन मी जेवन काय, हे नाई इचारलं?"

अर्ज भरला, आणि कागद द्यायला मी आणि इंदुताई बल्लारशाहून गाडीने हैद्राबादला गेलो. ती गाडीत खिडकीशी बसली आणि दिसेल तो तलाव मोजत, कोणाचा असेल, किती मासोळी निघत असेल याचा अंदाज बांधत गेली. केंद्रात गेल्यावर बोटांचे ठसे घ्यायचे होते. तिच्या बोटांवर ठसे उरलेले नाहीत म्हटलं तरी चालेल. जाळ्याच्या दोरीने आणि पाण्याने ते घासून गेलेत. यंत्रावर बोट ठेवलं की लाल दिवा. तिथली मुलगी मोठी सोशिक. तिने इंदुताईचे हात आपल्या हातात घेऊन चोळले, पुसले, थोडी क्रीम लावली, परत ठेवले. किती वेळा ते मी मोजलं नाही. शेवटी हिरवा दिवा लागला तेव्हा रांगेतल्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या. इंदुताईने त्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. तिला तेलुगू येत नव्हतं, त्या मुलीला मराठी येत नव्हतं.

महिनाभराने उत्तर आलं. नकार.

मी ते प्रणितच्या दुकानात वाचलं आणि गावाकडे येताना बसमध्ये सगळा वेळ विचार करत राहिले की कसं सांगावं. इंदुताई तलावावरच होती, कमरेपर्यंत पाण्यात. मी पाळीवरून सांगितलं. ती बाहेर आली, लुगडं पिळलं आणि विचारलं, "काऊन म्हणतेत?"

"दोन कारणं दिली. एक म्हणजे तुम्ही दिव्यानीच्या आत्या हाय याचा पुरावा नाई. तुमच्या कागदावर नवऱ्याचं नाव, तिच्या कागदावर बापाचं. जोडणारं काहीच नाई."

"आन दुसरं?"

"तुम्ही परत याल असं त्याईले वाटत नाई."

पहिलं कारण तिने ऐकून घेतलं. दुसऱ्याला मात्र ती अशी उसळली की पाळीवरचे बगळे उडाले.

"मी परत नाई येनार? मले तिथी काय ठेवलं हाय? माहा तलाव इथी, माहा माणूस इथी, आखाडात मासोळीचं बीज सोडाचं हाय, धानाचा रोवणा हाय. मी तिथी कोनाच्या बांधीत रोवणार?"

हे ती रागाने बोलली, पण मला एकदम लख्ख वाटलं. मी म्हटलं, "ताई, हेच. हेच त्याईले सांगाचं राह्यलं."

दिव्यानी फोनवर रडत होती. म्हणाली, चूक माझीच, मी फक्त माझेच कागद लावले, तुझे काहीच लावले नाहीत. मग तिनेच सांगितलं की दोन महिन्यांच्या आत अपील करता येतं. लग्नाला अजून वेळ होता, पण फार नाही. त्या रविवारी गटाच्या सगळ्या बाया समाजमंदिरात जमल्या. प्रणित त्याचा लॅपटॉप घेऊन आरमोरीहून आला. तशी ती आमची मासिक बैठकच होती, पण मासोळीचा विषय कोणी काढला नाही.

नात्याचं काम प्रणितच्या डोक्यातून निघालं. त्याने दिव्यानीला फोनवर विचारलं, "तुझी जात पडताळणी झाली होती ना नर्सिंगच्या वेळेस? त्याच्यात वंशावळ लावली असंल." ती लावलीच होती. त्या वेळी मुखरू जिवंत होता आणि सालभर तहसीलच्या पायऱ्या झिजवून त्याने शपथेवर वंशावळ करून घेतली होती: पणजा, आजा, आजाची लेकरं मुखरू आणि इंदू, मुखरूची दिव्यानी. दिव्यानीने त्याची प्रत जपून ठेवली होती. त्याला शाळेचा दाखला जोडला, ज्यात पालक म्हणून इंदुताईचं नाव. मुख्याध्यापिका स्वाती मॅडमनी तर वेगळं पत्र दिलं की ही मुलगी पहिलीपासून दहावीपर्यंत याच आत्याच्या घरून शाळेत आली आणि शाळेच्या प्रत्येक पालकसभेला आत्याच हजर होती, बहुतेक वेळा मासोळीच्या टोपलीसकट. ते शेवटचं वाक्य इंग्रजीत ठेवावं की नाही यावर वाद झाला. दिव्यानी म्हणाली, ठेवा.

मग परत येण्याचे पुरावे. तलावाच्या ठेक्याची प्रत, तिच्या सहीची. गटाची नोंदणी, तिच्या अध्यक्षपणासकट. नथ्थूभाऊंचा सातबारा. घरटॅक्सची पावती. ग्रामसभेने ठराव घेतला की इंदुताई या गावच्या कायम रहिवासी असून तलावाचं काम त्यांच्याशिवाय चालत नाही. ठरावाला हात वर करायचे होते तेव्हा खुशालबुढ्याने दोन्ही हात वर केले.

प्रणितने सगळ्यांत शेवटी नथ्थूभाऊंना विचारलं, "मामा, तुम्ही नवरा म्हणून काही सांगता का? तेही लावू."

सगळ्या बाया त्यांच्याकडे वळल्या. नथ्थूभाऊ समाजमंदिराच्या भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी डोक्यावरचा दुपट्टा काढून हातात घेतला. आम्हाला वाटलं, नाही म्हणतील.

"लग्न झालं तवापासून ती कुठीच तिसरी रात राह्यली नाई," ते म्हणाले. "माहेरी गेली तं दोन राती, मंग परत. भाऊ मेला तवाई माती आटपली आन आली. तिले दुसऱ्याच्या घरी झोप येत नाई. आन..." त्यांनी दुपट्ट्याची घडी केली. "आन मलेई येत नाई, ती नसली तं. मी तिले जाऊ देऊन राह्यलो ते पोरीसाठी. असं लिहा."

इंदुताई खाली पाहत होती. सोमारीने तिला कोपराने ढोसलं तसं तिचं ते हसणं आलं, पण या वेळी डोळ्यांतून पाणीही आलं.

मी ते शब्द जसेच्या तसे लिहिले, प्रणितने इंग्रजीत केले, नथ्थूभाऊंनी अंगठा दिला. मग इंदुताईचं स्वतःचं. तिने सांगितलं: "लिहा, माही पोरगी हाय, मी तिले उभं राहून हळद लावीन, आशीर्वाद देईन आन येईन. इथी काम पडलं हाय."

आमचा सगळा गठ्ठा मे महिन्याच्या सुरुवातीला गेला. मोहफुलं संपली, तेंदूपत्ता सुरू झाला, उन्हाने तलाव अर्ध्यावर आला. रोज मला दहा जण विचारायचे, आलं का. मी चिडायला लागले होते. एका दुपारी आरमोरीच्या बाजारात इंदुताई मरळ तोलत होती आणि प्रणित दुकान उघडं टाकून धावत आला. धापा टाकत नुसता मान हलवत होता. इंदुताईने तराजू हातात तसाच धरून विचारलं, "हो म्हणून हलवून राह्यला का नाई म्हणून?"

"हो! ताई, हो! मंजूर!"

समोरचं गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, मासोळी." तिने अख्खी मरळ त्याच्या पिशवीत टाकली आणि म्हणाली, "घेऊन जा बापू. आज फुकट." त्या दिवशी टोपली अशीच वाटली गेली.

जायच्या तयारीत गाव वेडं झालं होतं. जत्रेला घालतात तशी नवी लुगडी बायांनी तिला दिली. हळकुंडं कुटून झाली. सुकवलेले झिंगे न्यायचे की नाही यावर दिव्यानीशी तीनदा बोलणं झालं. ती म्हणाली, मासोळी चालते, पण विमानातल्या लोकांची दया कर. मग ते झिंगे एका डब्यात, डबा दुसऱ्या डब्यात, आणि तो पिशवीत असे बांधले गेले. प्रणितने तिच्याकडून इंग्रजी वाक्यं पाठ करून घेतली. विमान बदलताना गोंधळू नये म्हणून दिव्यानीने नागपूरच्या ओळखीची एक नर्स, उर्वशी, जी त्याच विमानाने आयर्लंडला परत जाणार होती, तिच्याशी गाठ घालून दिली.

तिथल्या विमानतळावर काय झालं ते इंदुताई आम्हाला नंतर उभी राहून, दोन्ही भूमिका करून दाखवते. खिडकीतला अधिकारी उंच, लाल दाढीचा. त्याने विचारलं, कशाला आलात? इंदुताईने पाठ केलेलं सगळं एका दमात म्हटलं: "माय नेम इंदू. माय गर्ल मॅरेज. आय गो बॅक." त्याने आणखी काही विचारलं. ते पाठ नव्हतं. मग ती मराठीत बोलायला लागली. पोरगी तीन वर्षांची असताना कशी आली, तिचा बाप कसा गेला, जवाई शायना आहे आणि त्याची आई खुर्चीवर आहे, म्हणून लग्न इकडे आहे. उर्वशी मागच्या रांगेत होती, ती पुढे येऊन भाषांतर करणार तोवर त्याने शिक्का मारला होता. "त्याले सारं समजलं," इंदुताई ठामपणे सांगते. "माह्या चेहऱ्याकडे पाहूनच समजलं."

लग्न आम्ही फोनवर पाहिलं. समाजमंदिरात प्रणितने मोठा पडदा लावला होता, गावजेवणासारखी गर्दी. आदल्या दिवशी हळद झाली. तिकडे आंब्या-जांभळाच्या डहाळ्या कुठून आणायच्या? शॉनच्या बहिणीने बांधावरच्या कुठल्याशा झाडाच्या हिरव्या फांद्या तोडून आणल्या आणि इंदुताईने त्यांचाच मांडव केला. दिव्यानीला हळद लावली, शॉनला लावली, आणि मग शॉनची आई खुर्चीतून खुणा करू लागली, मलाही लावू द्या. तिचा एकच हात नीट चालतो. त्या हाताने तिने सुनेच्या गालाला हळद लावली. दुसऱ्या दिवशी तिची बोटं पिवळीच होती, ती धुवायला तयार नव्हती, येईल त्याला दाखवत होती.

गिरजाघरात नवरी आत येते तेव्हा तिचा बाप तिचा हात धरून आणतो, अशी तिकडची रीत. संगीत सुरू झालं आणि दारात दिव्यानी उभी राहिली, पांढऱ्या पोशाखात, केसांत अबोलीसारखी कुठली तरी केशरी फुलं. तिच्या बाजूला इंदुताई. हिरवं काठाचं लुगडं, पायात मोजे, अंगावर शॉनच्या बहिणीचा लोकरी कोट, कारण जूनमध्येही तिकडे थंडी. आणि ती तिच्या नेहमीच्या चालीने निघाली. दिव्यानीने तिचा हात मागे ओढला. मग दोघी हळूहळू चालत गेल्या.

समाजमंदिरात नथ्थूभाऊ पहिल्या रांगेत जमिनीवर बसले होते. पडद्यावर इंदुताईने दिव्यानीचा हात शॉनच्या हातात दिला तेव्हा ते उठून उभे राहिले. का उठले ते त्यांनाही सांगता येणार नाही. मागच्यांनी "बसा ना भाऊ, दिसून नाई राह्यलं" म्हटलं नाही. मागचेही उभे राहिले.

शॉनचा बाप छोट्या बोटीने मासे धरणारा. लग्नानंतर त्याने इंदुताईला समुद्रावर नेलं. बोटीवर दोघं आपापल्या भाषेत दिवसभर बोलली आणि दोघांनाही वाटत होतं की समोरच्याला सगळं कळतंय. त्याने जाळं ओढताना तिने दुसरं टोक धरलं. संध्याकाळी तिने फोन करून आम्हाला सांगितलं, "बयेहो, एवढा मोठा तलाव, आन पाणी खारट! गुरं कशी पाजत असतीन?"

ठरल्या तारखेला ती परत आली. नागपूरहून बसने आरमोरी. आम्ही सगळ्या बाया बसस्टँडवर होतो, ढोलकी होती, खुशालबुढा हार घेऊन. बस थांबली आणि ती उतरायच्या आधीच तिचं हसणं उतरलं. नथ्थूभाऊ गर्दीच्या मागे सायकल धरून उभे. ती सगळ्यांना बाजूला सारत थेट त्यांच्यापाशी गेली.

"आली?" ते म्हणाले.

"आली."

"जेवली का?"

"नाई. घरी जेवन."

तिने पिशवी सायकलच्या हँडलला अडकवली आणि दोघं निघाली. आम्ही मागून ढोलकी वाजवत. त्या आठवड्यात पाऊस लागला, तलाव भरायला लागला, आणि ती पाण्यात उतरून बीज सोडत होती, जणू कुठे गेलीच नव्हती.

यंदा आमच्या गटातल्या चार बायांनी पासपोर्ट काढले. सोमारीचा कालच आला. कुठे जायचं ते अजून कोणाचंच ठरलेलं नाही, पण प्रणितने आपल्या दुकानाच्या पाटीवर खाली एक ओळ वाढवली आहे: परदेशाचे कागदपत्र करून मिळतील. चौकशीला लोक येतात तेव्हा तो त्यांना अर्धा तास इंदुताईची गोष्ट सांगतो, आणि मग विचारतो, "तुमचं कोन हाय तिकडे?"